न्यू जर्सीतील होम इन्स्पेक्टरचा परवाना आणि त्यासाठी केलेला १८० तासांचा अभ्यासक्रम

अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात होम इन्स्पेक्टरचा, म्हणजे विकत घेण्याआधी घर तपासून देणाऱ्याचा, परवाना मिळवायचा असेल, तर मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाचे १८० तास पूर्ण करावे लागतात आणि त्यांपैकी किमान ४० तास प्रत्यक्ष घरांमध्ये, परवानाधारक इन्स्पेक्टरच्या देखरेखीखाली, विनामोबदला काढावे लागतात. असा अभ्यासक्रम चालवणाऱ्या एका खासगी संस्थेत मी प्रवेश घेतला आणि तो पूर्ण केला. संस्थेचे नाव मुद्दामच देत नाही. माझ्या बऱ्याचशा तक्रारी तिच्या एकटीच्या नाहीत. कायद्याने तास मोजायला सांगितले की शिकवणारेही तासच मोजू लागतात, त्या प्रकाराविषयी त्या आहेत.

मी मूळचा सिव्हिल इंजिनियर. पुण्यात काही वर्षे साइटवर काम केलेले असल्यामुळे घर तपासणे आपल्याला काय अवघड, अशी माझी समजूत होती. ती पहिल्याच आठवड्यात मोडली. आपला हात बसलेला असतो तो आरसीसीच्या कॉलम-बीमवर आणि विटांच्या भिंतींवर. इथले घर म्हणजे लाकडी सांगाडा, त्यावर प्लायवूडसारखे तक्ते, बाहेरून साइडिंग, म्हणजे भिंतीचे बाह्य आवरण, आणि आतून ड्रायवॉल, म्हणजे जिप्समचे तक्ते. भिंतीत खिळा ठोकण्याआधी मागे स्टड, म्हणजे सांगाड्याचा उभा लाकडी खांब, कुठे आहे ते शोधावे लागते, अशा घराचे दुखणे वेगळे असते. स्लॅबची गळती ओळखणाऱ्या माणसाला छपराच्या आणि चिमणीच्या सांध्यावरचे फ्लॅशिंग, म्हणजे पाणी अडवणारी पत्र्याची पट्टी, चुकीची बसवली आहे हे दिसतच नाही, कारण ती कुठे पाहायची हेच त्याला ठाऊक नसते.

वर्गातल्या १४० तासांत पाया, बाह्यभाग, छप्पर, नळकाम, वीज, हीटिंग, कूलिंग, अंतर्भाग, इन्सुलेशन आणि वायुवीजन, फायरप्लेस असे विषय क्रमाने होतात. विजेचा भाग फार उत्तम शिकवला गेला. शिक्षक स्वतः अनेक वर्षे परवानाधारक इलेक्ट्रिशियन होते आणि पॅनेल, म्हणजे घराची वीज वाटणारी पेटी, उघडल्यावर नजर कोणत्या क्रमाने फिरवायची, एका ब्रेकरखाली दोन तारा सहसा का चालत नाहीत, १९६५ ते १९७३ च्या सुमारास बांधलेल्या घरांत ॲल्युमिनियमच्या तारा का शोधायच्या, हे त्यांनी खरी जुनी पॅनेल टेबलावर मांडून दाखवले. याउलट हीटिंगचे तास निव्वळ स्लाइड वाचण्यात गेले. घर तापवणारी, उघडून ठेवलेली एकही भट्टी वर्गात नव्हती आणि तिच्यातल्या, ज्वालेची उष्णता हवेला देणाऱ्या हीट एक्स्चेंजरला तडा गेला तर कार्बन मोनॉक्साइड घरात शिरू शकतो, एवढी महत्त्वाची गोष्ट दोन वाक्यांत उरकली गेली.

सर्वांत मोठी उणीव अहवाललेखनाची. ग्राहकाच्या हातात शेवटी पडतो तो लेखी अहवाल, आणि वाद झालाच तर वकील वाचतो तोही तोच. तरीही त्यासाठी आमच्या वाट्याला एक दुपार आली, आणि तीही एका सॉफ्टवेअरची ओळख करून देण्यात संपली. दिसलेला दोष, त्याचा संभाव्य परिणाम आणि पुढे कोणाला बोलवावे, या तीन गोष्टी प्रत्येक नोंदीत कशा लिहायच्या, हे मी नंतर जुने अहवाल वाचून स्वतःच शिकलो. न्यू जर्सीतील जुन्या घरांच्या अंगणात पुरलेल्या हीटिंग ऑइलच्या टाक्यांचा विषयही असाच ओझरता झाला. गंजलेल्या टाकीतून तेल मातीत उतरले, तर सफाईचा खर्च घर घेणाऱ्याचे कंबरडे मोडू शकतो. टाकीचा शोध घेणे हे नेहमीच्या तपासणीच्या बाहेरचे काम आहे, हे खरे. पण बेसमेंटच्या भिंतीतून बाहेर आलेली तांब्याची बारीक नळी किंवा अंगणात उभा असलेला व्हेंट पाइप, म्हणजे टाकीची हवा बाहेर सोडणारा नळ, दिसला, तर ग्राहकाला सावध करायला हवे, हे वर्गात कोणी सांगितले नाही.

ते सांगितले प्रत्यक्ष घरांमधल्या चाळीस तासांत. आमच्या गटाला मिळालेले इन्स्पेक्टर कमी बोलणारे गृहस्थ होते आणि आम्ही काही विचारले, की उत्तराऐवजी टॉर्च हातात देत. एका घरात आम्ही सहा जण डेकवर, म्हणजे घराला जोडलेल्या उघड्या लाकडी ओट्यावर, उभे राहून लाकूड चांगले आहे, कठडा भक्कम आहे, असे ठरवून मोकळे झालो होतो. त्यांनी सगळ्यांना खाली बोलावले आणि डेक घराला जिथे जोडला होता, त्या लेजर बोर्डवर प्रकाश टाकला. तिथे बोल्ट एकही नव्हता, सगळे खिळे होते. वर उभ्या असलेल्या सहा माणसांचा भार खिळ्यांवर होता, हे लक्षात आल्यावर कोणी काही बोलले नाही. त्याच घरात ड्रायरची दमट हवा बाहेर न जाता क्रॉल स्पेसमध्ये, म्हणजे घराखालच्या बुटक्या पोकळीत, सुटत होती आणि वरच्या जॉइस्टवर, म्हणजे जमिनीच्या आडव्या लाकडी तुळयांवर, बुरशी धरली होती. ती मात्र आमच्यातल्याच एका मुलीने वासावरून आधी ओळखली.

हे ४० तास उरलेल्या १४० तासांपेक्षा मला अधिक मोलाचे वाटतात, आणि म्हणूनच त्यांच्या व्यवस्थेवरचा माझा राग मोठा आहे. सहा जण एका पॅनेलभोवती उभे राहिले, की मागच्या तिघांना पुढच्यांच्या पाठी दिसतात. दोन भेटी आयत्या वेळी रद्द झाल्या आणि त्यांची भरपाई एका रिकाम्या, नुकत्याच नूतनीकरण झालेल्या घरात करण्यात आली, जिथे पाहण्यासारखे फारसे काही नव्हते. कागदावर तास पूर्ण झाले आणि प्रमाणपत्रावर सहीही झाली.

अभ्यासक्रमाने परवाना हाती पडत नाही. त्यानंतर नॅशनल होम इन्स्पेक्टर एक्झामिनेशन ही परीक्षा असते: चार तास, २०० बहुपर्यायी प्रश्न, त्यांपैकी २५ गुणांत न धरले जाणारे, आणि २०० ते ८०० या मोजपट्टीवर उत्तीर्ण होण्यासाठी ५००. शुल्क २२५ डॉलर. या परीक्षेची तयारी संस्थेने चोख करून घेतली, हे मान्य करायला हवे. सराव प्रश्नसंच भरपूर होते आणि मी पहिल्याच प्रयत्नात पार झालो. त्याशिवाय किमान ५ लाख डॉलरचा ‘ई अँड ओ’, म्हणजे कामातील चुकांपोटी होणाऱ्या दाव्यांचा विमा, काढावा लागतो. दर दोन वर्षांच्या नूतनीकरणासाठी ४० तासांचे पुढील शिक्षण घ्यावे लागते, ते वेगळेच. रेडॉन, म्हणजे जमिनीतून घरात शिरणारा किरणोत्सर्गी वायू, मोजायचा असेल तर राज्याच्या पर्यावरण खात्याचे स्वतंत्र प्रमाणपत्र हवे. प्रवेशाच्या वेळी संस्थेच्या प्रतिनिधीने शिकवणीचे शुल्क तेवढे सांगितले. विमा, शिडी, ओलावा मोजणारे मीटर आणि रेडॉनचे प्रमाणपत्र यांचा हिशेब माझा मलाच मांडावा लागला.

हा परवाना राज्याच्या सीमेपाशी संपतो, हेही प्रवेशापूर्वी ध्यानात घ्यावे. न्यू यॉर्कमध्ये १४० तास लागतात आणि त्यांतही ४० प्रत्यक्ष तपासणीचे असतात. टेक्सासमध्ये ‘प्रोफेशनल इन्स्पेक्टर’ या दर्जाच्या परवान्यासाठी १९४. डेलावेअर नदी ओलांडून पेनसिल्व्हेनियात गेले, की राज्याचा परवानाच नाही. तिथे राष्ट्रीय व्यावसायिक संघटनेचे सदस्यत्व आवश्यक आहे. कॅलिफोर्नियातही राज्य असा परवाना देत नाही. न्यू जर्सीतल्या एडिसन गावातल्या आमच्या मराठी मंडळींपैकी अनेकांनी नोकरीमुळे दोन-तीन राज्ये बदललेली आहेत. त्यांनी ज्या राज्यात पुढची दहा वर्षे राहायचे आहे, तिथलेच शिक्षण घ्यावे.

हा अभ्यासक्रम कोणी घ्यावा? ज्याला शनिवार-रविवारी बेसमेंटमध्ये रांगायची आणि जुलैच्या उन्हात तापलेल्या ॲटिकमध्ये, म्हणजे छपराखालच्या माळ्यावर, चढायची तयारी आहे, त्याने जरूर घ्यावा, कारण परवान्यासाठी १८० तासांना पर्याय नाही आणि चांगला शिक्षक लाभला तर पैसे वसूल होतात. इथे घरखरेदीच्या कराराची वकील तीन दिवस छाननी करतात, त्यानंतर तपासणीसाठी मिळणारे दिवस मोजकेच असतात, त्यामुळे ग्राहकाला तारीख हवी असते ती आठवड्याच्या आतली. हे काम सवडीने होणारे नव्हे. केवळ स्वतःसाठी घर घेताना उपयोग होईल म्हणून येणाऱ्याने हे शुल्क भरू नये. त्याने अनुभवी इन्स्पेक्टर नेमावा, तपासणीचे तीन तास त्याच्या मागे मागे फिरावे आणि प्रश्न विचारावेत.

प्रवेश घेणाऱ्याने पैसे भरण्याआधी संस्थेला चार गोष्टी लेखी विचाराव्यात: एका घरात एका वेळी किती विद्यार्थी नेले जातात, त्यांतली किती घरे १९७८ पूर्वीची, म्हणजे शिशाच्या रंगावर बंदी येण्याआधीची, असतात, रद्द झालेल्या भेटीची भरपाई कशी होते आणि विद्यार्थ्याने लिहिलेला किमान एक पूर्ण अहवाल कोणी तपासून देतो का. मी यांपैकी एकही विचारले नव्हते. शिक्षकांना पाचपैकी चार, व्यवस्थेला दोन.