त्वचापेढीची कातडी: आमच्या भावजींच्या उपचाराचा अनुभव

चिकोडी भागात आमचं गुऱ्हाळ आहे. गेल्या हंगामात काहिल उतरवताना उकळता पाक धाकट्या भावजींच्या छातीवर आणि डाव्या हातावर सांडला. पाणी निथळून तरी जातं. पाक कातडीला धरून बसतो आणि आत भाजतच राहतो. बेळगावला नेल्यावर प्लास्टिक सर्जन म्हणाले, जळालेली कातडी काढून जखम लगेच झाकायला हवी, त्वचापेढीतून, म्हणजे मृत दात्यांची कातडी साठवून ठेवतात तिथून, कातडी मागवतो.

मेलेल्या माणसाची कातडी म्हटल्यावर सासूबाई हबकल्याच. पण डॉक्टरांनी खाटेशेजारी बसून समजावलं. ही कातडी कायमची नसते, दोन-तीन आठवड्यांनी शरीर ती नाकारतं. तेवढ्या काळात अंगातलं पाणी झिरपत नाही, जंतू शिरत नाहीत, वेदना उतरते. रक्तगट जुळवावा लागत नाही. दात्याच्या रक्ताची एचआयव्ही, कावीळ वगैरे तपासणी होते आणि कातडी 85 टक्के ग्लिसरॉलमध्ये, 4 ते 8 अंशांवर पाच वर्षांपर्यंत टिकते.

ड्रेसिंग सोडलं तेव्हा मी जवळ होते. ओल्या मलमलीसारखा पांढुरका, बारीक भोकांचा थर जखमेला घट्ट चिकटला होता. आदल्या ड्रेसिंगला ओरडणारे भावजी त्या दिवशी नुसते दात आवळून होते. माझ्या दृष्टीनं या सेवेची किंमत तिथंच वसूल झाली.

पुढं त्यांच्याच मांडीची पातळ कातडी काढून, यंत्रानं जाळी पाडून ताणून बसवली. मांडी छातीपेक्षा जास्त दुखते, हे घरच्यांना आधीच सांगायला हवं की! आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. संमतीचे कागदही कन्नड आणि इंग्रजीतच. सही करणाऱ्या जाऊबाईंना दुसऱ्या पेशंटच्या मुलानं वाचून दाखवले. हे बरोबर नाही.

सगळं अंगच भाजलं, मांडीही उरली नाही तर? मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, अशा वेळी रुग्णाच्याच कातडीचा छोटा तुकडा घेऊन प्रयोगशाळेत पेशी वाढवतात. राइनवाल्ड आणि ग्रीन या शास्त्रज्ञांनी 1975 मध्ये ही पद्धत दाखवली. पण थर तयार व्हायला साधारण तीन आठवडे लागतात, तो फार नाजूक असतो आणि खर्चही मोठा. म्हणजे तोवर जखम झाकायला पेढीचीच कातडी लागते.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं, त्वचादान करा. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत ते होतं. मांड्या, पाय, पाठ इथला वरचा पातळ थरच घेतात, मग पट्टी बांधतात. देह विद्रूप होत नाही. एचआयव्ही, कावीळ असे आजार नसतील तर अठरा वर्षांवरचं कुणीही देऊ शकतं, नेत्रदानही सोबत करता येतं. आपल्या खेड्यांतून बेळगाव लांब पडतं, त्यात सहा तास बघता बघता जातात. पेढीचा नंबर आत्ताच फोनमध्ये घालून ठेवा आणि घरात कोण फोन करणार तेही ठरवून ठेवा.