पिंगयाओ की लिजियांग: रेल्वेने जुनं चिनी शहर बघायचं तर

चीनच्या सहलीत एकच जुनं शहर बसत असेल आणि प्रवास रेल्वेनेच करायचा असेल, तर माझं मत पिंगयाओला. दोन्ही शहरं १९९७ सालीच युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली, देखणेपणात लिजियांग कुठेच कमी नाही. पण बीजिंग आणि शिआन बहुतेक जण करतातच, आणि पिंगयाओ या दोहोंच्या मधे, शानशी प्रांतात आहे. वेगवान गाडीने शिआनहून तीनेक तास, बीजिंगहून चारेक. लिजियांगसाठी थेट नैर्ऋत्येला युन्नान गाठावं लागतं; तिथली राजधानी कुनमिंगहून पुढे आणखी तीन-साडेतीन तास. युन्नानच फिरणार असाल तर मात्र लिजियांगच घ्या, वाटेत दाली हे जुनं शहरही होतं.

पिंगयाओला दोन स्टेशनं आहेत, तिकीट काढताना नाव नीट बघा. वेगवान गाड्या ‘पिंगयाओ गूचंग’ला थांबतात. ते गावाबाहेर आहे, तिथून टॅक्सी किंवा बस. साध्या गाड्यांचं ‘पिंगयाओ’ स्टेशन तटबंदीपासून चालत जाण्याइतकं जवळ. शानशीची राजधानी तैयुआनहून येणार असाल आणि सामान आटोपशीर असेल, तर साधी गाडीच बरी. लिजियांगला स्टेशनवरून वाहन करावंच लागतं.

पिंगयाओची मिंगकालीन तटबंदी १३७० सालची, घेर सहा किलोमीटरच्या वर, आणि तिच्यावरून चालता येतं. पण मला विचाराल तर खरं बघण्यासारखं आहे ते रिशंगछांग. १८२३च्या सुमारास एका रंगाच्या दुकानातून ही हुंड्यांची पेढी उभी राहिली आणि व्यापाऱ्यांची चांदी गावोगाव वाहून नेण्याची जोखीम टळली. हुंडीवरची तारीख आणि रक्कम ठरवून दिलेल्या अक्षरांच्या सांकेतिक लिपीत लिहीत, आणि तो संकेत अधूनमधून बदलत. पुढे आधुनिक बँका आल्या, पेढ्या बुडाल्या, गावात पैसा राहिला नाही. जुनं पाडून नवं बांधायची ऐपतच नसल्याने वाडे टिकले. मुख्य पेठेत आज दुकानांची गर्दी आहे, पण मागच्या गल्ल्यांत अजून संसार चालू आहेत.

लिजियांगला तटबंदी नाही, तिथे सगळी मजा पाण्याची. नाशी या स्थानिक जमातीचं हे गाव २,४०० मीटर उंचीवर, फरसबंद गल्ल्यांच्या कडेने पाट वाहतात. ‘तीन डोळ्यांच्या’ विहिरीत पाणी एका कुंडातून दुसऱ्यात उतरतं: पहिल्यातलं पिण्याचं, दुसऱ्यात भाजी धुवायची, तिसऱ्यात कपडे. मात्र मूळ रहिवासी बरेचसे बाहेर गेलेत आणि घरांची हॉटेलं झालीत. हवा तिथली सौम्य. पिंगयाओची थंडी कडक आणि कोरडी.

तिकीट १२३०६ या सरकारी ॲपवर, पासपोर्ट नंबर घालून काढायचं. विक्री साधारण पंधरा दिवस आधी सुरू होते. १ ऑक्टोबरपासूनचा सुट्टीचा आठवडा दोन्हीकडे टाळा, सगळा चीन तेव्हा गाडीत असतो.