हमबकर बसवलेल्या गिटारची वायरिंग दुरुस्ती, सांगली: पाचपैकी साडेतीन

सतार-तंबोऱ्यासाठी शेजारी मिरज आहेच. इलेक्ट्रिक गिटारच्या वायरिंगसाठी मात्र सांगलीतलं हे छोटं दुकान बरं. तक्रार अशी: दोन्ही पिकअप (तारांचा कंप विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारे भाग; इथे दोन कॉइलचे, म्हणजे हमबकर) एकत्र लावले की आवाज पत्र्यासारखा पातळ.

इथे आल्या आल्या सोल्डरिंग आयर्न उचलत नाहीत, हे आवडलं. जॅकमध्ये केबल घालून, व्हॉल्यूम पूर्ण उघडून, दुसऱ्या टोकाला मल्टिमीटर. दोन्ही पिकअप वेगवेगळे मोजले, 8 किलोओहमच्या आसपास. म्हणजे कॉइल शाबूत, घोळ फेजचा: दोन्ही पिकअपचे सिग्नल एकमेकांच्या उलट. एकाच पिकअपच्या हॉट (सिग्नल नेणारी) आणि ग्राउंड (परतीची) वायर उलट जोडल्या, उघडी वायर ग्राउंडलाच ठेवली, आवाज भरला. (चार वायरींचा पिकअप होता म्हणून जमलं. जुन्या जाळीवाल्या वायरीत हे केलं तर पिकअपचं कव्हरच हॉट होतं आणि घरघर वाढते.)

दीड गुण कापला तो पॉटसाठी (व्हॉल्यूम-टोनच्या बटणाखालचा बदलता रोध). 250के (किलोओहम) बसवले, हमबकरला 500के लागतात, नाहीतर वरचे सूर दबतात. शिवाय पॉटच्या पाठीवरचा सोल्डरचा एक डाग राखाडी, दाणेदार, बोटाने हलवला तर सुटणारा. गिटार परत घेताना मागचं झाकण उघडायला लावा. तारांना हात लावूनही घरघर कमी होत नसेल, तर ब्रिजखालची (तारा खाली जिथे टेकतात तिथली) ग्राउंड वायर तिथेच तपासून घ्या.