डेकर्सला थंडीत ट्राउट: गाइड एक नंबर, वेडर्स गळके

अमेरिकेतल्या डेन्व्हरहून सवा-दीड तासावर डेकर्स, तिथे साउथ प्लॅट नदीवर जानेवारीत हाफ डे गाइडेड फ्लाय फिशिंग केलं. दुकानाचं नाव मुद्दाम देत नाही. बायको म्हणाली पैसे देऊन गारठायला चाललायस, आणि मासा परत सोडून द्यायचा म्हटल्यावर तर तिने हातच जोडले.

वर १९०५ सालचं चीझमन धरण आहे, तिथून तळातलं पाणी सुटतं म्हणून नदी थंडीतही वाहती राहते, फक्त काठाला बर्फ. मी आपला मालवणकडचा, गरवायचं म्हणजे गरीला कोलंबी लावायची आणि बसायचं. इथे हुकावर दोरा गुंडाळून केलेली माशी, २२ नंबरची, तांदळाच्या दाण्याहून बारीक, ती गारठलेल्या बोटांनी बांधणं मला काही जमलं नाही, सगळ्या गाठी गाइडनेच मारल्या. तो म्हणाला या पाण्यात ट्राउट सुस्त असतो, संथ खोल जागी तळाशी पडून राहतो, तोंडासमोर आलं तर खाईल, पाठलाग करणार नाही. म्हणून माशीच्या वर बारकं वजन, आणि ते पोरगं दर दहा मिनिटांनी वजन कमीजास्त करत होतं. पाण्यावरचा इंडिकेटर, म्हणजे दोरीवरची तरंगती खूण, जरा थबकला तरी रॉड उचलायचा, मी पहिले चार तर असेच घालवले 😅

रॉडच्या कड्यांत बर्फ धरतो आणि लाइन अडकते, मी नखाने काढायला गेलो तर ओरडलाच, टोक पाण्यात बुडव म्हणे, खरंच विरघळतो. शेवटी एक रेनबो ट्राउट लागला, हातभर नाही पण बऱ्यापैकी. तो जाळीत पाण्यातच ठेवायला लावला, एवढ्या थंड हवेत वर धरला तर कल्ले गोठतात, फोटोही पटकन.

आता तक्रार. भाड्याचे वेडर्स, म्हणजे पाण्यात उभं राहायची वॉटरप्रूफ पँट, डाव्या घोट्याला गळके. तासाभरात मोजा चिंब, बोटं आहेत की नाहीत कळेना. परत येऊन काउंटरवर सांगितलं तर म्हणे घाम असेल. अरे बाहेर शून्याखाली, घाम कुठला? आणि एकाच पायाला? एक पैसा कमी केला नाही.

सकाळी लवकरचा स्लॉट घेऊ नका, दहानंतरच जा, दुपारी जरा ऊन आल्यावर मासे हलतात. लोकरीचे जादा मोजे न्या. मी फेब्रुवारीचं परत बुक केलंय, गाइड तोच, वेडर्स यावेळी स्वतःचे.