फुटाला एक सूत जास्त!

पुण्याच्या जुन्या बाजारातून घेतलेली दोन फुटी स्टीलची पट्टी, किंमत ३०० रुपये. विकणारा म्हणाला, "साहेब, इंग्लंडची फूटपट्टी आहे, घासलीत की चकाचक." इंग्लंडची खरी, पण फूटपट्टी नव्हे. शून्याला शून्य लावून शेजारी माझी टूलरूमची स्केल ठेवली, तर हिचे २४ इंच त्या स्केलवर २४ इंच दोन सुतांना संपतात (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). मिलिमीटरमध्ये ६१६. बरं, मध्येच कुठे गडबड आहे म्हणावं, तर तसंही नाही. १२ ला एक सूत, ६ ला अर्धा. इतक्या इमानाने सगळीकडे सारखी चुकणारी पट्टी चुकलेली नसते. गंज काढल्यावर टोकाला बारीक अक्षरं सापडली: काँट्रॅक्शन, १ इन ९६. म्हणजे आकसणं, ९६ ला १.

पॅटर्नमेकरची पट्टी! पॅटर्न म्हणजे ओतकामाचा साचा ज्यावरून पाडतात तो नमुना. बीड (ओतीव लोखंड) ओतल्यावर थंड होताना आकसतं, फुटाला साधारण एक सूत. म्हणून लाकडी पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. दर मापाला गणित कोण करणार? त्यापेक्षा पट्टीच ताणून बनवली. ड्रॉइंगवर १० इंच असेल तर हिच्यावरचे १० घ्यायचे, कास्टिंग, म्हणजे ओतलेली वस्तू, १० च्या आसपास येतं. पितळेला फुटाला दीड सूत, पोलादाला दोन; त्यांच्या पट्ट्या निराळ्या. लाकडी मास्टरवरून (मूळ नमुन्यावरून) आधी अ‍ॅल्युमिनियमचा पॅटर्न ओतून मग त्यावर बिडाचं काम काढायचं असेल, तर दोन्ही धातूंचं आकसणं धरणारी पट्टी लागते. मशीनिंगसाठी (ओतल्यावर यंत्रावर तासायला) सोडायचा जादा माल मात्र यात नाही, तो वरून धरायचा.

खुणा कोरीव आहेत, बोटाला लागतात. शून्याचा कोपरा झिजलाय, म्हणून मी १ इंचापासून मोजतो. आता आकसणं थेट कॅडमध्येच (संगणकावरच्या ड्रॉइंगमध्ये) टाकतात, पण हाताने पॅटर्न करणाऱ्याला ही अजून उपयोगी आहे. घरगुती सुतारकामाला अजिबात घेऊ नका, दारं चौकटीत बसायची नाहीत. माझ्या पट्टीचं टोक मी लाल रंगवलंय, नाहीतर घरातलं कोणीतरी पडद्याचं माप घेईल.

पाचपैकी साडेचार तारे, अर्धा झिजेचा कापला. जुनी पट्टी घ्यायला जाताना खिशात टेप ठेवा आणि दुकानातच लावून बघा.