सेगा लोटेल की सेगा तिपिक? मॉरिशसमधल्या एका संध्याकाळचा हिशेब

मॉरिशसमधल्या समुद्रकाठच्या बहुतेक मोठ्या हॉटेलांत आठवड्यातली एक संध्याकाळ 'सेगा नाइट' म्हणून, म्हणजे सेगा या बेटावरच्या पारंपरिक नाचगाण्यासाठी, राखलेली असते. आपल्याकडून जाणाऱ्या टूरच्या कागदावर ती 'सांस्कृतिक कार्यक्रम व बुफे' एवढ्या एका ओळीत उरकलेली दिसते. बेटावर या प्रकाराला 'सेगा लोटेल' असं नाव आहे, म्हणजे हॉटेलातला सेगा, आणि ते नाव काही कौतुकाचं नाही. जाणकारांच्या लेखी खरा तो 'सेगा तिपिक': एक रावान (मोठा डफ), एक मारावान (खुळखुळ्यासारखी पेटी), एक त्रियांग (लोखंडी त्रिकोण), एक गाणारा आणि त्याला झेलणारे बाकी सगळे. पहिल्याला पाचापैकी दोन तारे, दुसऱ्याला साडेचार. दुसऱ्याचा अर्धा तारा कुठे गेला ते जाण्यायेण्याचा विषय निघाला की कळेल.

आधी हॉटेलातलं. जेवण साधारण साडेसात-आठला सुरू होतं आणि नाच त्याच्या मध्यावर, म्हणजे लोक ताट घेऊन रांगेत उभे असताना. पाऊण ते एक तास. फुलाफुलांचे मोठ्या घेराचे झगे घातलेल्या मुली, दोनतीन पुरुष नर्तक, एक गायक, एक कीबोर्ड, एक गिटार आणि एक रावान. शेवटची दहा मिनिटं पाहुण्यांना ओढून नाचवण्यात जातात. नर्तक बहुधा उत्तम असतात, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आवाजाची आहे. कीबोर्डातला साठवलेला ताल सतत चालू असतो, त्यामुळे रावान वाजतं आहे हे दिसतं, ऐकू येत नाही. वाजवणाऱ्याने हात थांबवून बघावा, गाण्याला काही फरक पडत नाही. इथेच तीन तारे गळतात.

बाहेरचे लोकही आगाऊ नोंदणी करून अशा रात्रीला जाऊ शकतात, पण तिकीट नाचाचं नसून जेवणाचं असतं. नोंदणी करताना तीन गोष्टी विचाराव्यात: पेयं धरून आहे का, नाच किती वाजता सुरू होतो (जेवण नव्हे, नाच), आणि पाऊस आला तर कार्यक्रम कुठे हलवतात. तिसऱ्याचं उत्तर 'आतल्या रेस्टॉरंटमध्ये' असं आलं, तर नोव्हेंबर ते एप्रिल या चक्रीवादळांच्या मोसमात दुसरा दिवस बघावा. कमी उंचीच्या छताखाली स्पीकर लावले की गायकाचे शब्दही घुमून जातात. बसायची जागा मात्र तुमच्या हातात आहे. स्पीकरसमोरचं टेबल टाळून वादकांच्या बाजूला, रावानापासून चारपाच मीटरवर बसलात, तर कीबोर्डाखालूनही चामड्याचा आवाज थोडा मिळतो.

रावान म्हणजे वाकवलेल्या लाकडी कड्यावर बकऱ्याचं कातडं ताणून केलेला मोठा डफ. व्यास साधारण अर्धा मीटर किंवा त्याहून थोडा जास्त, कड्याची रुंदी चार बोटं. बसून, मांडीवर उभं धरून, दोन्ही हातांनी वाजवतात. मधोमध तळवा पडला की खोल 'धुम', कडेला बोटं पडली की कोरडं 'तक'. हलगी शेकतात तसंच हेही वाजवण्याआधी शेकावं लागतं. नारळाची वाळकी झावळी, गवत किंवा वर्तमानपत्राचे बोळे पेटवायचे, कातडं जाळापासून दीड-दोन वीत लांब धरून गोल फिरवत राहायचं, मधूनमधून टिचकी मारायची. भद्द आवाजाचा टणक झाला की थांबायचं. एकाच जागी धरलं तर तेवढाच भाग कडक होतो आणि ताण वेडावाकडा येतो. लोभ करून जास्त तापवलं तर कातडं खिळ्यांपाशी फाटतं. समुद्राच्या दमट हवेत हा ताण फार टिकत नाही. चारपाच गाण्यांनंतर कोणीतरी उठून पुन्हा जाळापाशी जातो, आणि नवख्याला वाटतं मध्यंतर झालं.

म्हणूनच अस्सल कार्यक्रम ओळखायची सोपी खूण म्हणजे शेकोटी. ती कुठेच नसेल, तर एक तर रावान प्लास्टिकच्या कातड्याचं आहे किंवा ते फक्त हातात धरायला आणलं आहे. प्लास्टिकचं सरसकट वाईट नसतं. ते पावसातही सुरात राहतं आणि रंगमंचावर रोज वाजवणाऱ्याला परवडतं. पण त्याचा 'धुम' पोटापर्यंत येत नाही.

मारावान ही उसाच्या तुऱ्याच्या दांड्या शेजारी शेजारी बांधून केलेली चपटी पेटी, आत बिया. दोन्ही हातांत आडवी धरून हलवली की समुद्र वाळूवरून मागे सरतो तसा आवाज येतो. त्रियांग म्हणजे लोखंडी त्रिकोण. ताल सहा मात्रांचा. मराठी कान आधी दादरा लावून बघतो आणि तिथेच फसतो, कारण सेगा सहाची फोड कधी तीन-तीन अशी करतो, कधी दोन-दोन-दोन, आणि दोन्ही फोडी एकाच वेळी वेगवेगळ्या हातांत चालू असतात. युक्ती अशी: मारावानाच्या सहा मात्रा धरून ठेवा, रावानाला सोडून द्या. दोन गाण्यांत ते आपोआप जागेवर बसतं. नाचताना पाऊल जमिनीवरून उचलायचं नाही, घासत सरकवायचं. हालचाल सगळी कमरेत. गाणं रंगलं की घोळक्यातून 'आंबा, आंबा!' अशी आरोळी उठते. फळाशी संबंध नाही. बेटावरच्या क्रिओल भाषेत 'आंबा' म्हणजे 'खाली', आणि नाचणाऱ्या जोडीने गुडघे वाकवत जवळजवळ जमिनीला टेकेपर्यंत खाली जायचं असतं. हॉटेलात हे खेळासारखं करून घेतात. गुडघ्यांची तक्रार असेल तर त्या वेळी पाणी प्यायला उठावं.

हे संगीत मादागास्कर आणि पूर्व आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचं. चर्चला आणि मळेवाल्यांना ते अश्लील वाटायचं, त्यामुळे बराच काळ ते वस्तीच्या कडेला, रात्रीचं चाललं. 30 ऑक्टोबर 1964 रोजी ल मॉर्न डोंगराच्या पायथ्याशी 'सेगाची रात्र' झाली, त्यात 'ती फ्रेर' या म्हाताऱ्या गायकाला सेगाचा राजा ठरवलं गेलं, आणि सभ्य लोकांनी उघडपणे ऐकायला सुरुवात केली. 1900 साली जन्मलेले 'ती फ्रेर' 1992 पर्यंत जगले. प्रवासाला निघण्याआधी त्यांचं ध्वनिमुद्रण ऐकून जा. नंतर हॉटेलातलं ऐकताना काय गाळलंय ते लगेच कळतं. मॉरिशसचा पारंपरिक सेगा 2014 मध्ये युनेस्कोच्या यादीत आला. सेगा आणि रेगे एकत्र करणाऱ्या 'सेगे'चा गायक काया फेब्रुवारी 1999 मध्ये पोलीस कोठडीत मरण पावला आणि बेटावर दंगल उसळली. त्याची गाणी आजही किनाऱ्यावर हमखास निघतात. ती निघाली की लोक नाचायचं थांबून गाऊ लागतात. अशा वेळी मोबाइल खिशात ठेवलेला बरा.

तर तिपिक ऐकायचा कुठे? तिकीट नाही, फलक नाही. रविवारी दुपारी सार्वजनिक किनाऱ्यावर जा. फ्लिक आँ फ्लाक, मों श्वाझी, ब्लू बे. सुरूच्या झाडांखाली कुटुंबंच्या कुटुंबं पातेली, खुर्च्या, कापडी मांडव घेऊन आलेली असतात. जेवणं होऊन सुस्ती उतरली, की तीन-साडेतीनच्या पुढे कुठेतरी रावान निघतं. निघेलच असं नाही. एका किनाऱ्यावर काही नसेल तर थांबून राहण्यात अर्थ असतो, पळापळ करण्यात नसतो. जून-जुलैत सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, डिसेंबर-जानेवारीत सातच्या आसपास, म्हणजे तिथल्या उन्हाळ्यात तासभर जास्त मिळतो. मे ते ऑक्टोबर दक्षिणपूर्वेचे वारे जोरात असतात. त्या दिवसांत पूर्वेचा किनारा सोडून पश्चिम-उत्तरेला राहावं, नाहीतर गाण्याऐवजी वाराच ऐकू येतो.

ही कार्यक्रमाची जागा नाही, कोणाचं तरी जेवण चालू आहे, हे लक्षात ठेवलं की बाकी शिष्टाचार आपोआप जमतो. आधी लांब उभं राहून टाळी धरा. बोलावलं तर जा, आणि बहुतेकदा बोलावतातच. रिकाम्या हाताने जाऊ नका: गाडीवरून कागदात बांधलेले गातो पिमां, म्हणजे आपला मिरची घातलेला डाळवडाच, डझनभर नेले की ओळख व्हायला पुरतं. चित्रीकरणाआधी विचारा. पैसे देऊ करू नका. रावान मागून वाजवायला घेतलंत, तर अंगठी काढून मगच; धातूची कड शेकलेल्या कातड्याला चीर पाडते.

आता तो अर्धा तारा. खेड्यांकडच्या बस संध्याकाळी साडेसहा-सातनंतर जवळजवळ बंद होतात, आणि गाणं रंगतं नेमकं तेव्हा. पोर्ट लुईस ते क्युरपीप धावणारी मेट्रो किनाऱ्यांकडे जात नाही. टॅक्सीत मीटरवर अवलंबून राहता येत नाही. भाडं बसण्याआधी, येणं-जाणं आणि थांबणं मिळून ठरवायचं आणि परतीचा चालक दुपारीच पक्का करायचा. रात्री किनाऱ्यावर टॅक्सी शोधायला निघालेला माणूस मागेल तो भाव देतो.

ज्यांना खुर्ची, वेळ आणि स्वच्छ आवाज हवा आहे त्यांनी पोर्ट लुईसमधलं कोदाँ आर्ट्स सेंटर बघावं. 2018 च्या अखेरीस सुरू झालेलं हे नाट्यगृह आटोपशीर आहे, आणि तिथे रावान माइकवरून नीट ऐकू येतं, जे बेटावर फार कमी ठिकाणी जमतं. तिकिटं 'ओतायो' या संकेतस्थळावर मिळतात. जाण्याआधी तिथलं वेळापत्रक पाहून मुक्कामाचे दिवस ठरवले तर उत्तम. एप्रिलमध्ये 'मामा जाझ' महोत्सव असतो, त्यात सेगाचे वादक जाझवाल्यांबरोबर बसतात. मोठे कार्यक्रम 'पाय' नावाच्या गावातल्या विवेकानंद केंद्रात होतात. तिथे नाव मोठं आणि अंतरही मोठं. तिकीट काढण्याआधी परतीची गाडी ठरवा.

वेळ आणि पैसे असतील तर रॉड्रिग्ज, मॉरिशसचंच दूरचं छोटं बेट. मॉरिशसहून विमानाने दीड तास, आणि संगीत बरंच वेगळं. तिथला 'सेगा ताम्बुर' अधिक वेगवान आणि उघडाबोडका आहे: ढोल, त्रिकोण, टाळ्या आणि प्रामुख्याने बायकांचे आवाज. 2017 मध्ये तोही युनेस्कोच्या यादीत आला. त्याच बेटावर अकॉर्डियनवर पोल्का, माझुर्का या युरोपी नाचांचे वंशज वाजतात, लोक जोडीने नाचतात, आणि हे सगळं हिंदी महासागराच्या मधोमध. याला पूर्ण पाच.

मराठी माणसाने आणखी एक गोष्ट चुकवू नये. भाद्रपदात तिथे असाल तर गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते आणि मराठी वस्तीच्या गावांत, कास्काव्हेल किंवा व्हाकोआकडे, झाकरी नाचली जाते. कोकणातली जाखडी पाहिलेल्याला ओळख पटायला दोन मिनिटं लागत नाहीत: तोच गोल, मधे वादक, तेच पायांचे ठेके. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरीकडून मळ्यांवर गेलेल्यांनी ती नेली आणि घरात क्रिओल बोलणाऱ्या त्यांच्या पणतवंडांनी शब्द पाठ करून टिकवली आहे. उच्चार ऐकून हसू नका. चाल कोणाची जुनी आहे याचा वाद घालायला गेलात तर हराल.

जाता जाता खरेदीचं. पोर्ट लुईसच्या बाजारात डोडो पक्षी रंगवलेली छोटी रावानं मिळतात, ती भिंतीवर टांगायची. दुकानात कातड्यावर बोटाने दाबून बघा: सहज दबलं तर ते शेकूनही बोलणार नाही. कड्याचा जोड आतून बघा, नुसता डिंक असेल तर जाळापाशी उघडतो. खिळे एकसारख्या अंतरावर हवेत. खरं वाजवायचं रावान घ्यायचं तर करणाऱ्याकडून सांगून करून घ्यावं लागतं, आणि ते विमानात हातातल्या सामानाच्या मापात बसत नाही. शिवाय कच्चं कातडं आणि मारावानातल्या बिया या दोन्हींना भारतात उतरताना रोग-कीड रोखण्याचे विलगीकरणाचे (क्वारंटाइनचे) नियम लागू होतात. प्लास्टिकच्या कातड्याचं रावान घेतलं तर ही कटकट नाही. मारावान घ्यायचीच असेल, तर काचमण्यांची करून देतात का ते विचारा. आणि चामड्याचं आणलंतच, तर जूनच्या आधी कापडात गुंडाळून कपाटाच्या वरच्या खणात ठेवा. कोकणातल्या पावसाळ्यात ते भिंतीला टांगून ठेवलं, तर गणपतीपर्यंत त्यावर बुरशी आलेली असेल.