केसतोड की चामखीळ?

जांघेत किंवा योनीच्या बाहेरच्या भागावर हाताला काही लागलं की आधी धसकाच बसतो. बहुतेकदा तो केसतोड असतो. रेझर किंवा वॅक्सनंतर दोन-चार दिवसांत उठतो: लाल, ठणकणारा, टोकाला पिवळसर. नीट पाहिलं तर आत वळून अडकलेला केसही दिसतो. कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने दिवसातून तीन-चारदा शेकायचं, सैल सुती चड्डी घालायची, काही दिवस रेझर बंद. फोडायचा मात्र नाही. (हात शिवशिवतात, माहीत आहे.)

चामखिळीचं वागणं वेगळं. ती सहसा ठणकत नाही, पिकत नाही. कातडीच्या रंगाची, खरबरीत, कधी फ्लॉवरच्या तुऱ्यासारखी, आणि केस नसलेल्या जागीही उगवते. तिचं कारण एचपीव्ही हा शरीरसंबंधांतून पसरणारा विषाणू, बहुतांशी त्याचे 6 आणि 11 हे प्रकार. कर्करोगाशी जोडलेले 16 आणि 18 वेगळे. संसर्गानंतर कित्येक महिन्यांनीही ती दिसू शकते, त्यामुळे ‘कुणामुळे’ यावर घरात भांडून हाती काही लागत नाही. डॉक्टर मलम देतात, गोठवतात किंवा जाळतात. पायाच्या कुरूपाचं औषध तिथे लावू नका, नाजूक कातडी भाजते. पुण्याच्या सीरमची सर्व्हावॅक लस या चारही प्रकारांवर आहे, पण आधीच उठलेली चामखीळ तिने जात नाही.

योनीच्या आतल्या ओठांवर दोन्हीकडे सारखे, मऊ, बारीक दाणे असतील तर ती बहुधा शरीराची ठेवणच. दुखरे पाणीदार फोड, न भरणारी जखम किंवा वाढती गाठ असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.